जर्मनीचे ‘ब्लॉक खाते’ आणि पहिल्या महिन्याचा खर्च

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी एक समज पक्का आहे: ब्लॉक खात्यात (म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यात) वर्षाचे पैसे भरले की तिकडे उतरल्यावर वेगळी तजवीज लागत नाही. हा समज चुकीचा आहे.

सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थी व्हिसासाठी या खात्यात साधारणपणे 11,904 युरो दाखवावे लागतात. ही रक्कम विद्यार्थ्याचीच असते, सरकारजमा होत नाही. मात्र ती दरमहा 992 युरो याच हिशेबाने हाती येते, आणि तीही तिथे पोहोचून चालू खाते उघडून ते जोडल्यानंतरच. नेमका याच मधल्या काळात खर्चाचा डोंगर उभा राहतो. घरमालक अनामत म्हणून हीटिंग वगैरे खर्च वगळून तीन महिन्यांपर्यंतचे भाडे मागू शकतो. म्हणजे 400 युरोंच्या खोलीला 1,200 युरो, शिवाय पहिले भाडे वेगळेच. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा, राहायला आल्याची तारीख असलेला कागद लागतो. मित्राच्या खोलीत तात्पुरते टेकलेल्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

तेव्हा निदान दीड-दोन हजार युरो फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन भरून न्यायच्या कार्डावर) वेगळे ठेवावेत, असे माझे मत आहे.