भात, वास्तुपुरुष आणि 'कसंतरी होतंय'

माझी भाची सातवीत आहे. तिच्या शाळेत नुकतंच विज्ञान प्रदर्शन झालं. तिच्या गटाने काचेच्या दोन बरण्यांत शिजवलेला भात भरला होता. एका बरणीवर चिठ्ठी होती 'तू छान आहेस', दुसरीवर 'तू घाणेरडा आहेस'. रोज सकाळी प्रार्थना झाली की पहिल्या बरणीशी गोड बोलायचं आणि दुसरीवर ओरडायचं. दहाव्या दिवशी दुसऱ्या बरणीतला भात काळा पडला, पहिलीतला नुसता पिवळट झाला. फलकावर निष्कर्ष लिहिला होता: 'शब्दांच्या लहरींचा पाण्याच्या रेणूंवर परिणाम होतो.' पालक कौतुकाने फोटो काढत होते.

मला ते बघून फार वाईट वाटलं. मुलांची मेहनत खरी होती, पण त्यांना प्रयोग म्हणजे काय हे कुणीच शिकवलं नव्हतं. ही कल्पना जपानचे मासारू इमोटो यांनी जगभर पसरवली. प्रेमाचे शब्द ऐकवलेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर होतात आणि शिव्या ऐकवलेल्या पाण्याचे बेढब, असा त्यांचा दावा होता. पाणी गोठवलं की एकाच नमुन्यात नाना आकारांचे स्फटिक तयार होतात. त्यातला कोणता दाखवायचा हे माणूस ठरवत असेल तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. भाताचंही तसंच. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. कोणत्या बरणीत किती पडले, झाकण किती वेळा उघडलं, कुणाचा हात लागला, ओरडताना थुंकीचे किती तुषार आत गेले, यावर भाताचं भवितव्य ठरतं. दोनच बरण्या असतील तर एक आधी खराब होणारच. वीस बरण्या घ्या, चिठ्ठ्यांऐवजी आकडे लावा, कोणत्या आकड्याशी काय बोललं गेलं हे माहीत नसलेल्या मुलीला बुरशी मोजायला सांगा. मग बघू.

आपल्याकडे या समजुतीला जमीन आधीच तयार आहे. 'वाईट बोलू नकोस, वास्तू तथास्तु म्हणते' हे ऐकत आपण मोठे झालो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत नाही. पण शब्दांचा परिणाम होतो ही जाणीव चुकीची नाही, तो कुठे होतो एवढंच चुकलंय. घरी आल्यावर भाची मला म्हणाली, "मावशी, ओरडायची पाळी माझी होती ना, मला रोज कसंतरी व्हायचं." दहा दिवसांत शब्दांनी भाताला काही झालं नसेल, पण त्या मुलीला झालं होतं. ते कसं झालं हे सांगण्यासाठीच हा लेख.

नुसत्या शब्दांनी शरीर किती हलतं, ते पाहण्याची एक प्रमाणित चाचणी आहे. 1993 साली जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातल्या क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली. माणसाला थोडा वेळ तयारीला देतात. मग चेहऱ्यावर कसलाही भाव न आणणाऱ्या परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावतात: ही नोकरी मला का मिळावी. त्यानंतर 1022 मधून 13 वजा करत जायचं, तोंडी, भराभर. चुकलं की पुन्हा 1022 पासून. कुणी हात लावत नाही, कुणी शिवी देत नाही. तरी लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे तणावाचं संप्रेरक, दुपटीपासून चौपटीपर्यंत चढतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. वाघ समोर आला तरी हीच साखळी चालते, 'लोक काय म्हणतील' या विचारानेही हीच चालते. मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. ते शरीराच्या बाबतीत तंतोतंत खरं आहे.

साखळीच्या वरच्या टोकाजवळ अमिग्डाला आहे. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचा एकेक पुंजका. त्याला 'भीतीचं केंद्र' म्हणतात ते अर्धवट आहे. 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' असं मेंदूला सांगणं हे त्याचं मोठं काम. आनंदाच्या, नवलाईच्या गोष्टींनाही तो प्रतिसाद देतो, धोक्याला मात्र फार तत्परतेने.

आता माझ्या अत्यंत आवडीच्या प्रयोगाकडे येते. 2007 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 30 जणांना एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणाऱ्या) झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. कधी चेहऱ्याखाली भावनांचे दोन शब्द असत, 'रागावलेला' आणि 'घाबरलेला' अशा धर्तीवर, त्यातला योग्य निवडायचा. कधी त्याच जागी दोन नावं असत, एक बाईचं आणि एक पुरुषाचं, आणि चेहऱ्याला जुळणारं नाव निवडायचं. या तुलनेतच प्रयोगाचं सगळं सौंदर्य आहे. दोन्ही वेळा चेहरा तसाच, वाचायचे शब्द दोन, बटण दाबणं तेच. फरक एकच: एकदा शब्द भावनेचा, एकदा माणसाच्या नावाचा. निकाल असा, की भावनेला नाव दिलं तेव्हा अमिग्डालाचा प्रतिसाद कमी झाला. त्याच वेळी कपाळामागे उजवीकडे, खालच्या-बाहेरच्या बाजूला असलेला मेंदूचा भाग जास्त कामाला लागला. त्याचं लांबलचक नाव व्हेंट्रोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. हा भाग जितका जागा, तितका अमिग्डाला शांत.

हाच भाग एरवी काय करतो? उगारलेला हात आवरणं, ओठांवर आलेला शब्द गिळणं, अशा थांबवण्याच्या कामांत तो दिसतो. म्हणजे भावनेला शब्द देणं हे मेंदूच्या हिशेबात काही अंशी लगाम घालण्यासारखं आहे. पण या भागातून अमिग्डालाकडे जाणाऱ्या थेट तारा विरळ आहेत. मग निरोप पोचतो कसा? लीबरमन यांच्या आकडेवारीत मधला दुवा दिसला तो कपाळामागच्या मध्यरेषेजवळच्या कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा. त्यापुढची वाट उंदरांवरच्या प्रयोगांतून उलगडते. अमिग्डाला हा एकसंध गोळा नाही. बाहेरची खबर त्याच्या बाजूच्या केंद्रकात, म्हणजे चेतापेशींच्या एका गटात, येते. 'पळा' हा हुकूम मध्यवर्ती केंद्रकातून सुटतो आणि हायपोथॅलॅमस, मेंदूस्तंभ यांच्याकडे जातो. या दोन केंद्रकांच्या मध्ये चेतापेशींचे छोटे पुंजके नाकेबंदी करून बसलेले असतात. ते गाबा नावाचं रसायन सोडतात, आणि गाबाचं काम समोरच्या पेशीला गप्प करणं. मध्यरेषेजवळच्या कॉर्टेक्सने या पुंजक्यांना चेतवलं की ते हुकूम सोडणाऱ्या केंद्रकाला दाबतात. खबर येते, पण हुकूम सुटत नाही. एक चेतवणारा संदेश आणि त्याचा परिणाम मात्र शांतता! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर बाण काढून काढून समजून घेतलं होतं. तुम्हीही काढून बघा.

इथे एक सावधगिरी हवी. एफएमआरआय चेतापेशी बघत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा बदल बघतं, तोही पाचसहा सेकंद उशिरा, आणि त्याच्या एका ठिपक्यात लाखो पेशी मावतात. गाबाचे ते चिमुकले पुंजके माणसात या यंत्राने दिसत नाहीत. माणसाचा प्रयोग आणि उंदराची वायरिंग जोडणं हा तर्क आहे. चांगला तर्क आहे, पण तर्कच.

म्हणून प्रयोगशाळेबाहेरच्या जवळचा पुरावा मला जास्त मोलाचा वाटतो. 2012 साली त्याच विद्यापीठात कॅथरिना किर्कान्स्की, लीबरमन आणि मिशेल क्रास्के यांनी कोळ्याला घाबरणाऱ्या 88 जणांना खराखुरा टॅरँट्युला दाखवला. हाताएवढा, केसाळ. एका गटाला सांगितलं, जे वाटतंय ते बोला: 'हा किळसवाणा कोळी माझ्या अंगावर उडी मारेल अशी मला भीती वाटते.' दुसऱ्या गटाने मनाची समजूत घातली: 'एवढासा तर आहे, काही करत नाही.' तिसरा गट कोळ्याशी संबंध नसलेल्या गोष्टींबद्दल बोलत राहिला, चौथा गप्प. आठवड्याने पुन्हा कोळी समोर आला, तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळव्यांना बाकीच्यांपेक्षा कमी घाम फुटला, आणि भीतीचे शब्द ज्यांनी जास्त वापरले त्यांना फायदा जास्त. 'किती भीती वाटली?' या प्रश्नाला मात्र सगळ्या गटांनी सारखंच उत्तर दिलं. शरीर सावरलं होतं आणि माणसाला ते कळलंही नव्हतं.

आपल्याला हे उलटं वाटतं. 'बोलू नकोस, बोललं की जास्त होतं,' असं आपण म्हणतो. लीबरमन यांनी दुसऱ्या एका अभ्यासात लोकांना आधी अंदाजही विचारला होता. नाव दिल्याने त्रास वाढेल असंच बहुतेकांना वाटलं. प्रत्यक्षात कमी झाला.

या संशोधनाला मराठी वाचकाने एक भर घालावी असं मला मनापासून वाटतं. 'मूड ऑफ आहे' आणि 'टेन्शन आलंय' या दोन गोण्यांत आपण हल्ली सगळं कोंबतो. आपल्या भाषेत काय काय आहे बघा. निकाल लागायचा असतो तेव्हा धाकधूक होते. त्या शब्दात छातीचे ठोकेच आहेत. हातून काही राहून गेलं की रुखरुख. थोडक्यात संधी हुकली की चुटपुट. कारण सापडत नाही आणि संध्याकाळ खायला उठते ती हुरहूर. दोन्ही बाजू ओढतात ती घालमेल. करता काहीच येत नाही ती तगमग, आणि त्यात राग मिसळला की चडफड. चूक उघडी पडली की ओशाळतो, कौतुक होईल म्हणून गेलो आणि कुणी बघितलंच नाही तर हिरमुसतो. प्रत्येक शब्दात काळ आहे, कारण आहे, आणि पुढे काय करायचं त्याची खूणही आहे. धाकधुकीला वाट बघावी लागते. रुखरुखीला फोन उचलावा लागतो. लिसा फेल्डमन बॅरेट आणि इतर संशोधक याला भावनांची बारकाई म्हणतात. जी माणसं आपल्या भावना अशा वेगवेगळ्या ओळखतात ती तणावात दारूकडे किंवा भांडणाकडे कमी वळतात, असं त्यांच्या अभ्यासांत दिसलं आहे.

माझी आई दोन दिवस 'डोकं दुखतंय' म्हणत होती. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाली, "सुमनमावशीचा फोन त्या दिवशी घेतला नाही गं, त्याचीच रुखरुख लागलीय." पाच मिनिटांनी ती फोनवर होती.

पण नाव देणं वेगळं आणि उगाळणं वेगळं. गाय बसल्या जागी तेच तेच पुन्हा चघळते, तसा विचारांचा रवंथ असतो: माझ्याच बाबतीत असं का, मीच अशी का. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची विचार करण्याची पद्धत प्रश्नावलीने तपासली होती. त्यानंतर 14 दिवसांनी, 17 ऑक्टोबर 1989 ला, तिथे लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. असा योग कुणी जुळवून आणू शकत नाही. त्यांनी तेच विद्यार्थी पुन्हा गाठले. आधीपासून रवंथ करणाऱ्यांत सात आठवड्यांनंतरही उदासी जास्त होती. रवंथातही शब्दच असतात, पण ते पुढे सरकत नाहीत. त्यांच्यात 'का' असतो, 'काय' नसतं.

आणि हल्ली ज्यांचं पेव फुटलंय ती आरशासमोरची वाक्यं? 'मी यशस्वी आहे, मी प्रेमास पात्र आहे, विश्व मला देत आहे.' कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड यांनी 2009 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चार मिनिटं, दर 15 सेकंदांनी घंटी, घंटी वाजली की मनात म्हणायचं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.' ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांना स्वतःबद्दल कमीपणा वाटत होता त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं. ज्यांना ही वाक्यं हजारो रुपयांच्या शिबिरांत विकली जातात ते हेच लोक. खचलेल्या माणसाला 'पॉझिटिव्ह विचार कर' म्हणणं आणि नाही जमलं तर 'तुझेच विचार वाईट म्हणून तुझ्यावर ही वेळ आली' म्हणणं, यातला दुष्टपणा मला सहन होत नाही. आजार कुणी विचारांनी ओढवून घेत नाही.

गंभीर नैराश्यात नाव देणं पुरत नाही, आणि तिथे आपल्या शेजारच्या गोव्याने जगाला दाखवलेली गोष्ट आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगाथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याचे रुग्ण शोधले, 495 जण. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला समुपदेशक दिला. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ भेटी, प्रत्येक अर्ध्यापाऊण तासाची. 'आनंदी राहा' असं कुणी सांगत नव्हतं. काय केल्यावर थोडं बरं वाटतं, काय केल्यावर जास्त वाईट, ते रुग्णाबरोबर बसून शोधायचं, आणि बंद पडलेली छोटी कामं एकेक करून पुन्हा सुरू करायची: बागेला पाणी घालणं, शेजारणीकडे जाणं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी 39 टक्के. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. आता सरकारची मानसिक आरोग्यासाठी फोनवरची 'टेलिमानस' सेवाही आहे, 14416 या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.

भाचीला मी विचारलं, "कसंतरी म्हणजे नेमकं कसं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरणीत भातच आहे हे माहीत होतं, पण ओरडताना मला ओशाळल्यासारखं व्हायचं. पाचवीत मी एका मुलीला तसं बोलले होते." त्या मुलीचं नाव तिने मला सांगितलं. ती अजून तिच्याच वर्गात आहे.