फिल्टर फॅक्टर (कृष्णधवल छायाचित्रण)

कृष्णधवल फिल्मवर छायाचित्र घेताना लेन्ससमोर रंगीत फिल्टर लावला की काही रंगांचा प्रकाश अडतो. ही तूट भरून काढायला एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) किती पट वाढवायचे, हे सांगणारा आकडा म्हणजे फिल्टर फॅक्टर. तो ‘पटीं’चा आकडा आहे, स्टॉपचा नव्हे; एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रकाश दुप्पट करणे. फॅक्टर २ म्हणजे १ स्टॉप, ४ म्हणजे २, ८ म्हणजे ३. नवशिक्यांची गफलत बहुधा इथेच होते.

दिवसाच्या उजेडात पिवळ्या ८ क्रमांकाच्या फिल्टरचा फॅक्टर साधारण २, लाल २५ चा ८ आणि गडद लाल २९ चा १६ धरतात. हे रॅटन क्रमांक, म्हणजे फिल्टर ओळखण्याचे प्रचलित क्रमांक होत. प्रकाश मोजणारे मीटर एफ/११ ला १/५०० सेकंद दाखवत असेल, तर लाल २५ लावल्यावर त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राच्या आकाराला) १/६० घ्यावे, किंवा शटरचा वेग तोच ठेवून एफ/४ पर्यंत उघडावे. दोन फिल्टर एकत्र लावल्यास फॅक्टरांचा गुणाकार करायचा, स्टॉपची मात्र बेरीज.

हा आकडा प्रकाशाच्या रंगावर आणि फिल्मवर अवलंबून असतो, म्हणून तो पक्का मानू नये. टंगस्टन दिव्याच्या प्रकाशात लाल रंग भरपूर असल्याने लाल फिल्टरला कमी वाढ पुरते, निळ्याला जास्त लागते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. तिच्यावर लाल फिल्टर वापरण्यात अर्थ नाही.

लेन्समधून मोजणाऱ्या मीटरवर विसंबणे सोयीचे वाटते, पण मीटरमधल्या प्रकाश टिपणाऱ्या सेलची रंगसंवेदना फिल्मसारखीच असेल असे नाही. सिलिकॉन सेल लाल प्रकाशाला जास्त दाद देतो; गडद लाल फिल्टरमधून मोजल्यास तो प्रकाश पुरेसा असल्याचे सांगतो आणि निगेटिव्ह पातळ, म्हणजे कमी एक्स्पोजरची, येते. त्यापेक्षा फिल्टर काढून मोजावे आणि फॅक्टर हाताने लावावा. फिल्टरमधून मोजलेल्या आकड्यावर फॅक्टर पुन्हा लावला, तर भरपाई दोनदा होते.

सर्वांत जास्त जपायच्या त्या सावल्या. उन्हातल्या सावलीला उजेड मिळतो तो मुख्यतः निळ्या आकाशाचा, आणि लाल फिल्टर नेमका तोच अडवतो. त्यामुळे फॅक्टर बरोबर लावूनही सावल्या अपेक्षेपेक्षा काळ्या पडतात. तिथे तपशील हवा असेल तर अर्धा ते एक स्टॉप आणखी द्यावा. निगेटिव्ह फिल्म एवढी वाढ सहज सोसते.

अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले, मग गडद लाल २९ लावून, उरलेल्या शेवटच्या काचेच्या निगेटिव्ह-प्लेटवर. फॅक्टर १६ असल्याने एफ/२२ ला एक्स्पोजर ५ सेकंदांचे झाले, आणि आकाश जवळजवळ काळे उतरले. फिल्टरमुळे वेळ सेकंदांत गेली की आणखी एक हिशेब येतो: अशा लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदना घटते, तेव्हा फॅक्टर लावून आलेल्या वेळेत फिल्म-उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे वेगळी वाढ करावी लागते.