लेस्ली काउंटी : ओढ्याच्या वाटेने पोचलेली आरोग्यसेवा

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पूर्वेला, अ‍ॅपलेशियन डोंगरात लेस्ली काउंटी आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). १८७८ साली आसपासच्या काउंट्यांचा भाग तोडून बनवलेली, मुख्य गाव हायडन, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम साडेदहा हजार. तिथल्या दवाखान्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी नकाशा बघा, कारण सपाट जमीन जवळपास नाहीच, केंटकी नदीचा मिडल फोर्क हा फाटा डोंगर कापत वाकडातिकडा जातो, त्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठाने घरं विखुरलेली, आणि शंभर वर्षांपूर्वी बऱ्याच ठिकाणी रस्ता म्हणजे ते ओढ्याचं पात्रच, पाणी चढलं की येणंजाणं बंद. बाळंतपण अडलं तर डॉक्टर आणायचा कुठून?

१९२५ साली मेरी ब्रेकिनरिज यांनी इथे काम सुरू केलं. बाई मोठ्या घराण्यातल्या, आजोबा अमेरिकेचे उपाध्यक्ष होते, पण स्वतःची दोन्ही मुलं लहानपणीच गेली आणि मग पुढचं सगळं आयुष्य त्यांनी आई-मुलांच्या आरोग्याला दिलं. नर्सिंग आधीच शिकलेल्या होत्या, सुईणीचं ट्रेनिंग लंडनला घेतलं आणि १९२४ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर आरोग्यसेवा कशी चालते ते जाऊन बघून आल्या.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यांची आखणी. पेशंटने हायडनला यावं असं न धरता त्यांनी नदी-ओढ्यांच्या काठाने छोटी केंद्रं उभी केली, पुढे अशी सहा झाली, प्रत्येकाचा टप्पा साधारण पाच मैलांचा, म्हणजे नर्स घोड्यावरून वेळेत पोचेल एवढाच. मोठ्या केससाठी १९२८ पासून हायडनला हॉस्पिटल होतं. बाळंतपणाची फी पाच डॉलर, आणि रोख नसेल तर धान्य, लाकूड, अंगमेहनत, काहीही चालायचं. एका विमा कंपनीने पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशोब तपासला तेव्हा थेट बाळंतपणामुळे एकही आई दगावलेली नव्हती, आणि हे देशातल्या अतिशय गरीब भागात, घरोघरी जाऊन केलेलं काम होतं!

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इथे काम करणाऱ्या ब्रिटिश नर्सेस मायदेशी परतायला लागल्या, म्हणून १९३९ मध्ये इथेच मिडवाइफरीची, म्हणजे सुईणीचं काम शिकवणारी शाळा काढली. घोड्यांची जागा नंतर जीपने घेतली. १९६० मध्ये पूर रोखायला बकहॉर्न धरण पूर्ण झालं आणि कॉन्फ्लुअन्स या ठिकाणी सहापैकी एक केंद्र होतं तो भाग जलाशयाखाली गेला. डिसेंबर १९७० मध्ये हायडनजवळ हरिकेन क्रीकच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार गेले, एवढ्याशा काउंटीसाठी हा आकडा फार भयानक आहे. पुढच्याच वर्षी काउंटीतून जाणारा पार्कवे, म्हणजे मोठा हमरस्ता, सुरू झाला, १९७५ ला नवीन हॉस्पिटल आलं, त्याला ब्रेकिनरिज यांचंच नाव दिलं, आणि २०११ पासून ते अ‍ॅपलेशियन भागात बरीच हॉस्पिटलं चालवणाऱ्या एका ना-नफा संस्थेकडे आहे.