कॅनडात शिकताना स्टडी परमिटची मुदतवाढ नाकारली गेली तर

पत्र आल्यावर आधी पाहा, नाकारले काय आहे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा आणि स्टडी परमिट हे दोन वेगळे कागद आहेत. व्हिसा लागतो तो कॅनडात शिरायला. तो नाकारला आणि परमिट चालू असेल तर वर्ग सुरू ठेवा. सुट्टीत घरी यायचे तिकीट मात्र काढू नका, परत जाता येणार नाही. राहण्याची आणि शिकण्याची मुभा परमिट देते. पुढचे सगळे परमिटविषयी आहे.

जुन्या परमिटची मुदत अजून उरली असेल तर तोवर शिकता येते आणि मुदतीच्या आत नवा अर्जही करता येतो. ऑनलाइन अर्जासाठी दिवस जागतिक प्रमाणवेळेने संपतो, म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात रात्री ८ आणि हिवाळ्यात संध्याकाळी ७ वाजता. शेवटच्या रात्रीवर भिस्त ठेवलेले अर्ज इथेच हुकतात.

मुदत संपली होती आणि अर्ज प्रलंबित असल्याच्या आधारावर तुम्ही शिकत होतात, तर नकाराबरोबर तो आधारही गेला. वर्ग आणि काम, दोन्ही त्याच दिवशी थांबवा. ‘एवढी परीक्षा देऊन टाकतो’ म्हणून गेलात तर ते विनापरवाना शिक्षण ठरते. पुढचे परमिट अडते आणि पदवीनंतरचे वर्क परमिटही धोक्यात येते. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला लगेच ईमेल करा आणि फी व प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का, ते लेखी विचारा.

स्टेटस (कॅनडात राहण्याचा कायदेशीर दर्जा) परत मिळवण्याचा, म्हणजे रिस्टोरेशनचा अर्ज स्टेटस गेल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. परमिटचे १५० डॉलर आणि त्यावर रिस्टोरेशनचे २०० हून अधिक डॉलर भरायचे. निकाल लागेपर्यंत कॅनडात थांबता येते, पण शिकता किंवा काम करता येत नाही. देश सोडलात तर हा मार्ग बंद होतो.

फेडरल कोर्टात दाद मागायला तर १५ दिवसच मिळतात. कोर्ट परमिट देत नाही. निर्णय अवाजवी ठरला तर प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. तुम्ही जोडलेला कागद अधिकाऱ्याने पाहिलाच नसेल तर कोर्टात जाण्यात अर्थ आहे. कागद जोडायचाच राहिला असेल तर नवा अर्ज बरा.

मात्र तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवू नका. पत्रातले कारण बहुधा एका ओळीचे असते. सोबत अधिकाऱ्याची टिपणे आली नसतील तर माहितीच्या अर्जाने ५ डॉलरमध्ये मागवता येतात. त्यांची वाट पाहताना ९० दिवस मात्र संपू देऊ नका.

सर्वाधिक चुका पैशांच्या कागदांत होतात. १ सप्टेंबर २०२५ पासून क्यूबेक प्रांताबाहेर एकट्या विद्यार्थ्याला ट्यूशन फी सोडून वर्षाला २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात. सातबारा किंवा फ्लॅटचे मूल्यांकन म्हणजे हाताशी असलेला पैसा नव्हे. पतसंस्थेच्या ठेवीची पावती मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. अर्जाच्या दोन आठवडे आधी खात्यात एकदम दहा लाख आले असतील तर ते कुठून आले हे दाखवा: ठेव मोडल्याची पावती, विक्रीखत, मामांनी दिले असतील तर त्यांचे पत्र आणि त्यांचेही बँक स्टेटमेंट. कर्जाच्या नुसत्या मंजुरीपत्रावर भागत नाही. आतापर्यंत किती उचलले आणि किती शिल्लक आहे, याचे बँकेचे पत्र घ्या.

दुसरे नेहमीचे कारण म्हणजे अभ्यासातला खंड. सोडलेल्या सत्राचे कारण गुणपत्रिका आणि डॉक्टरांच्या कागदांनिशी मांडा. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलण्याआधी नवे परमिट लागते, हेही तपासा.

हा नकार पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावाच लागतो. लपवला तर चुकीच्या माहितीबद्दल ५ वर्षांची बंदी येऊ शकते.

आम्ही इथे आर्थिक कागद आणि भाषांतरे तयार करून देतो. अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरावा किंवा कॅनडातील नोंदणीकृत सल्लागाराकडून अथवा वकिलाकडून भरून घ्यावा. सल्लागाराचे नाव त्यांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत आधी शोधा. आमच्याकडे येताना नकारपत्राची सगळी पाने, जुने परमिट आणि पाठवलेल्या अर्जाची जशीच्या तशी प्रत आणा.