आवाज सुरू, चित्र अडकलं: जुन्या कॉम्प्युटरचा बिघाड नेमका कुठे?

जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ नीट चालत नसेल, तर सेटिंग्ज बदलत सुटण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा आणि ऐका. चित्र अडखळतं पण आवाज सलग येतो? दोन्ही एकदमच थांबतात? की चित्र ठीक आहे आणि आवाजच फाटतो? तिन्हींची कारणं वेगळी आणि इलाजही वेगळे. जिल्हा परिषद शाळेत किंवा सेतू केंद्रात कापड टाकून ठेवलेले कितीतरी कॉम्प्युटर एवढं न बघितल्यामुळेच बाद ठरतात.

प्लेअर वेळ पाळतो तो आवाजाच्या चालीवर. कानाला बारीकसा खंडही खटकतो, डोळा मात्र एखाददुसरी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक सुटं चित्र, गेली तरी सांभाळून घेतो. म्हणून काम झेपेनासं झालं की प्लेअर आवाज चालू ठेवतो आणि चित्रं गाळतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील, तर एका चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ते तयार झालं नाही, तर गेलं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. 'स्टॅटिस्टिक्स' पानावर गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढताना दिसला, तर दोष प्रोसेसरवरच्या भाराचा आहे. शेजारच्या 'कोडेक' पानावर फाइल कोणत्या पद्धतीनं दाबलेली, म्हणजे कॉम्प्रेस केलेली, आहे ते लिहिलेलं असतं.

हे दाबणं फार मोठं असतं. १०८० पी, म्हणजे फुल एचडी, चित्र न दाबता साठवलं, तर सेकंदाला ९० एमबीच्या वर जागा लागेल. मोबाइलच्या फाइलमध्ये ते साधारण २ एमबीत बसतं, कारण बहुतेक फ्रेममध्ये फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. फवारणीची माहिती देणारा माणूस गोठ्याच्या भिंतीपुढे उभा असेल तर व्हिडिओ सुरळीत चालतो. तोच माणूस वाऱ्यात हलणाऱ्या कपाशीत उतरला की पान न् पान बदलू लागतं, उलगडण्याचं काम वाढतं आणि चित्र तिथंच अडकतं.

एच.२६४ ही पद्धत २००३ची, एच.२६५ म्हणजे एचईव्हीसी २०१३ची. नवी पद्धत जागा कमी घेते, पण उलगडायला जास्त मेहनत मागते. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे २०११च्या आय३-आय५मध्ये एच.२६४ उलगडणारा स्वतंत्र भाग चिपमध्येच आहे. एच.२६५साठी तो सहाव्या पिढीत, २०१५ साली आला. त्याआधीच्या मशिनवर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. नव्या फोनवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर रखडतो तो बहुधा यामुळेच. फोनच्या कॅमेरा सेटिंगमधला 'हाय एफिशिएन्सी' पर्याय बंद केला की पुढचे व्हिडिओ एच.२६४मध्ये निघतात. आधीचे 'हँडब्रेक' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'फास्ट ७२० पी ३०' निवडून बदलून घ्या. हे काम शक्यतो नव्या मशिनवर करा, जुन्यावर फार वेळ लागतो.

व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'इनपुट-कोडेक्स'खाली हार्डवेअर डिकोडिंग, म्हणजे चिपमधल्या त्या भागाकडून उलगडणं, 'ऑटोमॅटिक' ठेवा. चित्र हिरवं किंवा फाटकं दिसलं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, नीट नाही. ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घेऊन टाका, तोवर हार्डवेअर डिकोडिंग बंद ठेवा. यूट्यूबवर ब्राउझरला व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओ मिळतो, आणि तो उलगडणं जुन्या मशिनला जड जातं. जुन्या मशिनला एच.२६४च मागायला लावणारं 'एच२६४आयफाय' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरची छोटी जोडणी, टाकलं की फरक लगेच कळतो.

आता आपल्याकडचा उन्हाळा. व्हिडिओ पहिली दहा मिनिटं छान चालतो आणि मग रखडायला लागतो, तेव्हा कोडेक नव्हे, उष्णता तपासा. मे महिन्यात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो आणि टिनाखालच्या खोलीत त्याहून जास्त. खोली जितकी तापते, साधारण तितकंच प्रोसेसरचं तापमान चढतं. शंभर अंशांच्या जवळ गेला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या 'परफॉर्मन्स' पानावर गिगाहर्ट्‌झचा आकडा खाली आलेला दिसतो. जिनिंगच्या किंवा कापूस साठवलेल्या घराजवळ पंख्याखालच्या जाळीत तंतूंचा नमदाच बसतो. प्लग काढून, पंख्याचं पातं बोटानं धरून ब्लोअर मारा. पातं मोकळं सोडलं तर हवेनं भरधाव फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि त्यावरच्या कूलरमधली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून पांढरी पडली असेल तर पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत सरळ कॉम्प्युटरवर घेऊ नका, ओलावा आणि धूळ दोन्ही आत जातात.

चित्र आणि आवाज दोन्ही एकदम थांबत असतील, तर डेटाच वेळेवर पोचत नाही. पेनड्राइव्हवरची फाइल आधी डेस्कटॉपवर कॉपी करा. तिथूनही थांबली आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसली, तर हार्ड डिस्क थकली आहे. आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे घ्या, मग तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, बसवा.

आवाजाच्या तक्रारींत एक फार फसवी. गाण्यातलं संगीत ऐकू येतं, पण गायकाचा आवाज गायब! हेडफोनची पिन काढून बघा. टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा, आणि तळाशी दोघांची सामाईक तार. पिन अर्धवट बसली की ही सामाईक तार सुटते आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तोच नाहीसा होतो. पिन शेवटपर्यंत दाबा. पिन ठीक असून चित्रपटातले संवादच दबत असतील, तर विंडोजच्या साउंड सेटिंगमधल्या 'प्लेबॅक' पानावर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन ५.१, म्हणजे सहा स्पीकरच्या मांडणीऐवजी, 'स्टीरिओ' करा. ५.१मध्ये संवाद मधल्या स्पीकरला जातात, आणि तो आपल्याकडे नसतो.

सतत घुंऽऽ येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली, तर दोष विजेच्या जोडणीचा, बहुतेकदा अर्थिंगचा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याची पकड सुटते. खड्ड्यात पाणी टाकलं तर फरक पडतो, तरी वायरमनकडून जोडणी तपासून घ्याच. कारण तिथं प्रश्न फक्त आवाजाचा नाही, शॉक लागण्याचाही आहे.

ऑनलाइन व्हिडिओ मुळीच उघडत नसेल आणि ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर कोपऱ्यातली तारीख बघा. लाईन गेल्यावर किंवा बोर्डवरून बटण बंद केल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तारीख चुकली की साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडेही मिळणारा हा ३ व्होल्टचा सेल, अधिक खूण असलेली बाजू वर ठेवून बसवा आणि तारीख-वेळ एकदा नीट लावा.