खऱ्या डॉक्टरला वाटणारं तोतयेपण

पानिपतानंतर काही वर्षांनी एक माणूस 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणत मराठी मुलखात उभा राहिला. पुष्कळ लोकांनी विश्वास ठेवला. १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. आपण भाऊ नाही, हे त्या तोतयाला स्वतःला पक्कं ठाऊक असणार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डात आलेल्या एका मुलीचं नेमकं उलटं होतं. गोव्यातल्या पेडण्याची, एमबीबीएसला सतत वरच्या नंबरात, नीट-पीजी देऊन एमडी मेडिसिनला लागलेली. दोन महिन्यांनी एकदा राउंडनंतर मागे थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला चुकून घेतलंय. एक दिवस सगळ्यांना कळणारच."

या भावनेला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून ती पहिल्यांदा मांडली. सिंड्रोम हे नाव लोकांनी दिलं; त्या दोघींनी तिला आजार म्हटलं नव्हतं आणि मनोविकारांच्या अधिकृत यादीतही ती नाही.

तिच्या मुळाशी एक चक्र असतं. आमची ही मुलगी केस मांडायच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागायची. केस छान झाली की म्हणायची, "पाठ केलं होतं म्हणून." ड्युटीमुळे वाचायला वेळ मिळाला नाही आणि तरीही निभावलं, तर "नशीब". म्हणजे यश आलं तरी ते तिच्या खात्यात जमा होतच नव्हतं. चूक मात्र लगेच तिच्या नावावर.

स्पेशलायझेशनच्या पहिल्या वर्षी हे उफाळून येतं, कारण मोजपट्टी एका रात्रीत बदलते. इंटर्न असताना अडलं की सिनियरला बोलवायचं. आता बोलावणं तिलाच येतं. पहाटे तीनला नातेवाईक विचारतात, "दोतोर, कसो आसा आतां?" आणि सगळा वॉर्ड तिच्याकडे बघतो. स्वतःच्या पोटातला गोळा तिला जाणवतो, शेजारच्या रेसिडेंटचा फक्त इस्त्रीचा एप्रन दिसतो. त्यालाही तसंच वाटत असतं. दोघंही बोलत नाहीत.

अशा डॉक्टरांचं प्रमाण किती? २०२० च्या एका आढाव्यात ६२ अभ्यास तपासले गेले आणि वेगवेगळ्या क्षेत्रांतले आकडे ९ पासून ८२ टक्क्यांपर्यंत निघाले. कोणती प्रश्नावली वापरली आणि रेषा कुठे ओढली, यावर आकडा हलतो. म्हणून कुणी ठाम टक्केवारी सांगितली की मी सावध होते. संशोधक बसिमा ट्युफिक यांचा २०२२ चा अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात शिकाऊ डॉक्टरही होते. असे विचार जास्त येणारे लोक कामात मागे नव्हते, उलट समोरच्या माणसाशी वागण्याबोलण्यात सरस ठरले.

पण म्हणून त्यांना तसंच सोसू द्यायचं, हे मला मान्य नाही. खरा धोका वेगळाच आहे. आपलं पितळ उघडं पडेल या भीतीने ती मुलगी रात्री सिनियरला फोनच करत नव्हती. तिथे प्रश्न तिच्या मनापुरता उरत नाही, खाटेवरच्या माणसाचा होतो.

तिला मी एवढंच सांगितलं की 'मला हे येत नाही' आणि 'मी लायक नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं खरं आहे. एमडीची तीन वर्षं त्यासाठीच असतात. मग एक वही करायला लावली: आज एकटीने काय केलं, मदतीने काय केलं, काय जमलं नाही. आठवणीवर सोडलं, तर न जमलेलंच तेवढं उरतं.

बाकीचं काम आम्हा सिनियरांचं. राउंडवर सगळ्यांसमोर "हा ईसीजी मला कळत नाही, कार्डिओलॉजीला विचारू" असं मी आता मोठ्याने म्हणते. नुसतं "छान" म्हणून भागत नाही, ते तिला दयेपोटी वाटतं. "पोटॅशियम वाढलेलं तू वेळेत पाहिलंस" हे मात्र नाकारता येत नाही.

झोप उडाली, जेवण सुटलं, जगणं नको वाटू लागलं, तर ते निव्वळ तोतयेपण नव्हे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कधीही लावता येतो आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. डॉक्टरनेही तिथे पेशंट म्हणून जावं.

दिवाळीच्या आधी एका रात्री माझा फोन वाजला. "मॅडम, सोडियम खूप कमी आहे, औषध सुरू केलंय. पण पुढचं मला कळत नाही. याल का?"

मी निघाले.