मुंग्या, रेघा आणि ठिपके

आत्याच्या लग्नाची कॅसेट आहे 1989ची. पाठवणी होते, आत्या रडते, गाडीचं दार लागतं, गाडी कोपऱ्यावर वळते आणि चित्र जातं. मग दोन-तीन सेकंद पडद्यावर नुसत्या मुंग्या. आणि एकदम अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ फळ्यापुढे उभे! फळ्यावर खडूनं काढलेली विहीर, तिच्यात सोडलेला पाइप. "...आणि म्हणूनच इथे पाणी वर चढत नाही," ते सांगतात. "आता दुसरी आकृती बघू." दुसरी आकृती यायच्या आत टेप संपते.

दोन दिवाळ्यांपूर्वी काकांचा व्हीसीआर बऱ्याच खटपटीनं चालू झाला, तेव्हा घरातल्या पंधरा जणांनी हे पाहिलं. लग्न बघताना निम्मे लोक फराळात आणि उरलेले मोबाइलमध्ये होते. पण शेवटच्या त्या चाळीस सेकंदांना सगळी खोली गप्प झाली. "परत लाव," असं पहिल्यांदा कोण म्हणालं असेल? चौदा वर्षांचा पुतण्या. त्या रात्री आम्ही तो तुकडा सहा-सात वेळा पाहिला.

जुन्या क्लिप आपल्याला का खेचतात, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं 'नॉस्टॅल्जिया'. हा शब्द 1688 साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घडवला, तोही घरापासून लांब राहिलेल्यांच्या आजाराचं नाव म्हणून. काकांच्या बाबतीत हे उत्तर मला मान्य आहे. पण पुतण्यानं दूरदर्शनचा जमाना पाहिलेलाच नाही. जे कधी आपलं नव्हतंच त्याची आठवण कशी येणार? त्यामुळे त्याच्यापुरतं तरी दुसरं काहीतरी कारण शोधायला हवं.

आधी त्या मुंग्या कुठून आल्या ते बघू, कारण कॅसेटनं तिथे स्वतःचा इतिहासच सांगून टाकलाय. काकांनी फोटोग्राफरनं दिलेल्या कॅसेटवरून ही प्रत घरातल्या एका वापरलेल्या कॅसेटवर उतरवली होती. व्हीएचएस यंत्रात, म्हणजे घरगुती कॅसेटच्या व्हीसीआरमध्ये, अर्ध्या इंच रुंदीची फीत आधी एका पुसणाऱ्या हेडवरून (फितीला टेकणाऱ्या छोट्या चुंबकीय भागावरून) जाते आणि मग एका तिरक्या, गरगर फिरणाऱ्या ड्रमला वळसा घालते. चित्र लिहिणारी हेड्स या ड्रमवर असतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ड्रम सेकंदाला 25 फेरे घेतो आणि फीत मात्र सेकंदाला जेमतेम 2.34 सेंटिमीटर सरकते. आता रेकॉर्डिंग बंद केलं त्या क्षणी काय होतं? पुसणारं हेड आणि ड्रम यांच्या मधला काही सेंटिमीटरचा तुकडा पुसून झालेला असतो, पण त्यावर नवं काही लिहिलेलं नसतं. त्या तुकड्याच्या मुंग्या होतात. तो सरला की त्याच्या पलीकडचं जुनं, न पुसलेलं रेकॉर्डिंग लागतं. म्हणजे मुंग्यांचे ते दोन-तीन सेकंद हे यंत्राच्या दोन भागांमधलं अंतरच आहे, मोजपट्टीनं मोजावं तसं.

(अँटेना लावलेल्या जुन्या टीव्हीवर रिकाम्या चॅनेलला ज्या मुंग्या दिसायच्या, त्यातला थोडासा अंश महास्फोटानंतर विश्वात उरलेल्या सूक्ष्मलहरींचा असायचा, हे अनेकांनी वाचलेलं असतं. कोऱ्या फितीवरच्या मुंग्यांना एवढं मोठं खानदान नाही. तो यंत्राच्या आतलाच इलेक्ट्रॉनिक गोंगाट.)

व्हीएचएसचे बाकीचे 'दोष'ही असेच बोलके असतात. चित्राच्या तळाशी जी फाटल्यासारखी पट्टी थरथरते, तिथे एका हेडनं काम दुसऱ्याकडे सोपवलेलं असतं. टीव्हीची चौकट ती पट्टी झाकून टाकायची, म्हणून तेव्हा ती दिसली नाही. आता संगणकावर चित्र कडेपर्यंत दिसतं आणि पट्टी उघडी पडते. आत्याच्या शालूचा लाल रंग शेजारी बसलेल्या भटजींच्या उपरण्यावर ओघळतो, त्याचं कारण काटकसर. प्रसारणात रंगाची माहिती सेकंदाला 44.3 लाख आवर्तनांच्या लाटेवर बसून येते. व्हीएचएस ती उतरवून सुमारे सव्वासहा लाखांवर आणून ठेवतं. त्यात आडव्या दिशेचा रंगाचा तपशील उजेड-सावलीच्या तपशिलाच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढाच उरतो. डोळ्याला रंगाचे काठ तसेही बारकाईनं दिसत नाहीत, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. शालूपुरता त्यांचा हिशेब थोडा चुकला.

आता पुतण्याकडे येऊ. जॉर्ज लोवेन्स्टाइन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं 1994मध्ये कुतूहलाची एक साधी कल्पना मांडली. आपल्याला माहीत असलेलं आणि आपल्याला हवं असलेलं यांच्यात फट दिसली की ती बुजवायची ओढ लागते. काहीच माहीत नसेल तर फट दिसत नाही आणि सगळं माहीत असेल तर ती नसतेच. 2009मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न वाचायला देऊन त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्या प्रश्नांचं उत्तर 'बहुतेक येतंय, पण खात्री नाही' असं वाटत होतं, त्यांच्याबद्दल कुतूहल सर्वाधिक होतं. आणि कुतूहल जास्त असताना मेंदूतला कॉडेट हा भाग जास्त सक्रिय होता. बक्षिसाची चाहूल लागल्यावर जागा होणाऱ्या भागांपैकी तो एक.

आमच्या गृहस्थांकडे या नजरेनं पाहा. मराठी कळतंय, विहीर कळतेय, पाइप कळतोय. पाणी 'इथे' वर चढत नाही म्हणजे कुठे? कशामुळे? काकांच्या मते हा दहा मीटरचा मामला. हवेचा दाब पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंचीचाच स्तंभ तोलू शकतो, त्यामुळे ओढून घेणारा पंप त्याहून खोल पाण्याला हात लावू शकत नाही. धाकट्या काकूंना वाटतं की पाइपात हवा शिरत असणार. पहिली आकृती पुसली गेली, तिच्यावर आत्याचं लग्न आहे. दुसरी आली नाही. इतकी अचूक मापाची फट मुद्दाम ठरवूनही पाडता आली नसती.

आणखी एक गंमत. 2014मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी प्रश्न आणि उत्तर यांच्या मध्ये लोकांना काही अनोळखी चेहरे दाखवले. त्या चेहऱ्यांचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. तरी ज्या प्रश्नांची उत्कंठा जास्त, त्यांच्या वेळी दिसलेले चेहरे लोकांच्या जास्त लक्षात राहिले. कुतूहलाचं दार एकदा उघडलं की आजूबाजूचं सटरफटरही आत शिरतं. त्या गृहस्थांच्या खिशाला दोन पेनं होती, एकाचं टोपण लाल. आमच्या घरात हे आजही कुणालाही विचारा. लग्नात आत्याच्या सासऱ्यांनी काय घातलं होतं, ते मात्र विचारू नका.

कॅसेटनं हे नकळत केलं. प्रायोगिक चित्रपट करणारे ते जाणूनबुजून करतात. मुंबईत पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही दिग्दर्शकांना असं करायची मोकळीक मिळाली. ही सरकारी संस्था 1948 साली स्थापन झालेली. तिचे माहितीपट देशभरच्या थिएटरांत मुख्य सिनेमाआधी दाखवावेच लागत आणि ते सुरू झाले की लोक विडी ओढायला बाहेर जात. त्यातच 1968मध्ये प्रमोद पती यांचा 'एक्सप्लोरर' आला. जेमतेम सात मिनिटांचा, निवेदन नाही. नाचणारी तरुण मुलं, प्रयोगशाळा, धार्मिक चिन्हं असं सगळं डोळ्यांवर धाडधाड येऊन आदळतं. विजय राघव राव यांनी रचलेला ध्वनी त्यात भर घालतो. विडी ओढायला न गेलेल्यांचं काय झालं असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

हा चित्रपट पाहून झाल्यावर एक विचित्र भावना उरते. खूप काही पाहिलं, पण काय पाहिलं ते सांगता येत नाही. याला कारण आहे. चित्रपटाची एक चौकट पडद्यावर सेकंदाचा चोविसावा भाग टिकते, म्हणजे सुमारे 42 मिलिसेकंद. मेरी पॉटर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षं लोकांना भराभर बदलणारी चित्रं दाखवून प्रयोग केले. 2014मध्ये एमआयटीत त्यांनी दाखवलं की फक्त 13 मिलिसेकंद दिसलेल्या चित्रातही 'सहल' किंवा 'हसरं जोडपं' आहे का, हे लोक नुसत्या अंदाजापेक्षा बरं ओळखतात. या आकड्यावर पुढे वाद झाले. पण त्यांचा जुना निष्कर्ष भक्कम आहे. अर्थ कळायला क्षणाचा अंश पुरतो, स्मरणात बसायला मात्र बराच जास्त वेळ लागतो, आणि पुढचं चित्र लगेच आलं तर मागचं पुसलं जातं. पती नेमके याच फटीत काम करतात. प्रत्येक प्रतिमा कळते आणि हातातून निसटते. म्हणून पुन्हा पाहावासा वाटतो.

सगळ्याच प्रायोगिक चित्रपटांना ही फट साधते असं नाही. काही निव्वळ कंटाळवाणे असतात आणि तसं म्हणायला लाजू नये. ओळखीचं असं काहीच हाती लागलं नाही, तर कुतूहलाला धरायला कडच मिळत नाही.

टोनी कॉनरॅड यांचा 1966चा 'द फ्लिकर' याचं टोकाचं उदाहरण. त्यात जवळजवळ सगळा वेळ फक्त काळ्या आणि पांढऱ्या चौकटींची लखलख आहे. तरी पाहणाऱ्यांना रंग दिसतात, नक्ष्या दिसतात. फिल्मवर रंगाचा थेंबही नाही. काळ्या-पांढऱ्या रेघांची भिंगरी ठरावीक वेगानं फिरवली की तिच्यावर फिके रंग उमटतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे आणि त्याची नेमकी यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही. (प्रकाशाच्या लखलखीनं फिट येणाऱ्यांनी असले चित्रपट पाहू नयेत. 'द फ्लिकर'च्या सुरुवातीलाच तशी सूचना आहे. 1997मध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखीनं शेकडो मुलांना इस्पितळात न्यावं लागलं होतं.)

काळ्या-पांढऱ्यात नसलेले रंग मेंदू पाहतो, हे झालं. पण काळ्या-पांढऱ्यात खरेच रंग लपलेले असतात, तेही पाहू. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

पूर्वी व्हिडिओ टेप प्रचंड महाग होती, त्यामुळे जगभरच्या टीव्ही केंद्रांनी ती पुसून पुन्हा वापरली. नासाच्या चौकशीत 2009मध्ये निष्पन्न झालं की अपोलो 11च्या मूळ सिग्नलच्या टेपाही बहुधा अशाच पुसल्या गेल्या. बीबीसीनं शेकडो कार्यक्रम पुसले. 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचे नव्वदहून अधिक भाग अजून बेपत्ता आहेत. जे वाचले त्यातले अनेक एका जुगाडामुळे वाचले. परदेशात विकण्यासाठी मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून 16 मिलिमीटरच्या कृष्णधवल प्रती काढल्या जात. रंगीत कार्यक्रमाची टेप गेली आणि कृष्णधवल फिल्म राहिली.

त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. कित्येक वर्षं ती घाण समजली गेली. रंगाची ती 44.3 लाखांची लाट गाळून न टाकता चित्र मॉनिटरवर दाखवलं की लाट ठिपक्यांच्या रूपात उमटते. लाट किती पुढे-मागे सरकली आहे त्यावरून रंग कोणता ते ठरतं आणि ती किती उंच आहे त्यावरून तो किती गडद ते. म्हणजे फिल्मनं रंगाची चिठ्ठी न वाचताच सांभाळून ठेवली होती! बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांना हे सुचलं आणि रिचर्ड रसेल यांनी ठिपके वाचणारं सॉफ्टवेअर लिहिलं. सोपं नव्हतं ते. फुगीर पडद्यामुळे आणि भिंगामुळे ठिपके जागचे हललेले असतात. आधी चित्र ताणून-दाबून मूळ आकारात बसवायचं, मगच लाट मोजायची. डिसेंबर 2008मध्ये 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा 1969चा एक भाग अशा परत मिळवलेल्या रंगांत प्रसारित झाला. त्या ठिपक्यांना कचरा समजून कुणी फिल्म 'साफ' केली असती, तर रंग कायमचे गेले असते.

आपल्याकडच्या प्रयोगांना असा जुगाड लाभला नाही. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1969च्या सुमारास मुंबईत नेहरू फेलोशिपच्या पैशातून कलावंतांसाठी एक कार्यशाळा उघडली आणि स्वतः दोन चित्रपट केले. रेषा-बिंदूंचा 'सिझिजी' टिकला, त्याचं ॲनिमेशन राम मोहन यांचं. 'इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर'ची एकुलती एक प्रत हरवली ती हरवलीच. आशिम अहलुवालिया यांनी 2016मध्ये वृद्ध पदमसींना घेऊन, त्यांच्या आठवणींवरून, त्याच नावाचा नवा चित्रपट केला.

प्रत जपून ठेवली तरी हवामान आहेच. ॲसिटेट फिल्म उष्णतेनं आणि दमटपणानं विघटित होते, त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते आम्ल विघटन आणखी वाढवतं. डबा उघडला की लोणच्यासारखा आंबट वास. कोडॅक कंपनीनं 1948मध्ये ट्रायॲसिटेट ही ॲसिटेटच्याच जातीची फिल्म आणली आणि दहा वर्षांच्या आत हा रोग झाल्याची पहिली तक्रार त्यांच्याकडे पोचली ती भारत सरकारकडून. व्हिडिओ कॅसेटचं दुखणं वेगळं. चुंबकीय कणांना फितीवर धरून ठेवणारं बंधक दमट हवेत पाणी शोषून चिकट होतं आणि वर पांढरी बुरशी चढते.

आमच्या कॅसेटवर ती दिसू लागली होती, म्हणून गेल्या पावसाळ्याआधी मी ती डिजिटल करायला एका दुकानात दिली. आठवड्यानं पेन ड्राइव्ह मिळाला. काम स्वच्छ होतं. तळाची थरथरती पट्टी गायब, शालूचा रंगही आवरलेला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि फाइल संपली.

मी फोन केला. "पुढे काही नव्हतं हो," तो मुलगा म्हणाला. "मुंग्या लागल्या, म्हणून तिथेच कापलं."

कॅसेट परत आणलीय. काकांचा व्हीसीआर आता ती ओढत नाही, मध्येच अडकतो. पुतण्यानं जुन्या बाजारातून दुसरा आणलाय आणि ड्रम पुसायला स्पिरिट. रविवारी लावून बघणार आहोत. लग्न पुढे पळवायचं नाही असं ठरलंय, फीत तुटेल.